समोरचे दोन दात

लेसरनं हिरड्यांचा इलाज होतो म्हटलं की माणसाला वाटतं, उजेड पडला आणि आजार पळाला. यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात लोक खुर्चीतून उतरता उतरता विचारायचे, "झालं? एवढंच?" डॉक्टर मॅडम हातमोजे काढत माझ्याकडे मान वळवायच्या. "माझं झालं. आता तुमचं सुरू. ताई सांगतील."

ती ताई म्हणजे मी. माहेर मारेगावकडचं. नागपूरला दातांच्या स्वच्छतेचा डिप्लोमा केला, लग्न होऊन यवतमाळला आले, आणि मॅडमकडे कामाला लागले ती गुडघ्यांनी उभं राहू देणं बंद करेपर्यंत तिथंच राहिले. दात साफ करणं हे माझं शिकलेलं काम. लेसरचं मशीन आलं तेव्हापासून दुसरं एक काम अंगावर आलं, ते म्हणजे इलाज झालेल्या माणसाला बरं होईपर्यंत सांभाळणं. त्याला काही नाव नव्हतं. पेशंट म्हणायचे, "फोनवाल्या ताई."

ज्यांना पायोरिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. तिथं कीटण साचलं की हिरडी दाताला सोडते आणि फटीचा खिसा होतो. खिशात पू धरतो, आतलं हाड झिजतं, दात हलायला लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे हे फारसं दुखत नाही. दुखलं असतं तर लोक वेळेवर आले असते. लेसरची तार दोऱ्याएवढी बारीक. ती खिशात फिरवली की सडलेलं अस्तर जळतं, जंतू मरतात. मग मुळावरचं कीटण काढायचं आणि त्या जागी रक्त गोठू द्यायचं. टाके नसतात. ते गोठलेलं रक्त हाच टाका. तो हलला की केलेलं सगळं वाया.

म्हणून माझी पोपटपंची ठरलेली असे. पिचकारी मारून थुंकायचं नाही. नळीनं काही ओढून प्यायचं नाही. खळखळून चूळ भरायची नाही, मिठाचं कोमट पाणी तोंडात घ्यायचं आणि मान कलवून सोडून द्यायचं. इलाज केलेल्या जागी मॅडम सांगतील तोवर ब्रश नाही. जीभ लावून पाहायचं नाही. ठेचा नाही, फुटाणे नाहीत, कडक भाकर नाही; कण्या, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. आणि खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, तर नाहीच नाही.

शेवटच्या वाक्याला सगळेच मान डोलवायचे. दारव्ह्याचे एक व्यापारी तर हात जोडून म्हणाले, "ताई, आजपासून सोडला." परतीच्या जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी पुडी फोडली. पुढच्या भेटीला हिरडी काळपट. म्हणे, "खाल्ला नाही, फक्त गालात धरला होता." त्यांच्या दाढा शेवटी काढाव्या लागल्या. एक निवृत्त गुरुजी होते, त्यांना जखमेच्या जागी ब्रश लावू नका म्हटलं, तर त्यांनी पूर्ण तोंडाला महिनाभर ब्रश लावला नाही. "तुम्हीच सांगतलं न," असं वरून मलाच ऐकवलं.

अशा माणसांवर हसता येतं. ज्यांनी आमचं अक्षरन् अक्षर ऐकलं त्यांच्यापैकी एकाची आठवण मात्र हसून टाळता येत नाही. ते म्हणजे दिग्रसचे अजीज मास्तर.

अजीज मास्तर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँड त्यांचाच होता. पांढरा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे ते. दिग्रस, दारव्हा, पुसद, जिकडे वरात तिकडे ते. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनाच बोलावलं होतं. मांडवात शिरताना त्यांनी बाबासाहेबांवरचं एक गाणं धरलं ते इतकं हळू आणि इतकं खोल, की नाचणारी पोरं उभी राहिली. माझ्या सासूबाई कुणाचं कौतुक करणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हा मानूस फुंकत नाही, बोलते."

तेच मास्तर एका बाजाराच्या दिवशी तोंडावर रुमाल धरून आमच्याकडे आले. सोबत त्यांच्या पत्नी, शमीमभाभी. रुमाल कशाला ते तोंड उघडल्यावर कळलं. हिरड्या सुजून जांभळ्या, दाबलं की पू, आणि वरचे समोरचे दोन दात बोटानं पुढेमागे होत होते. शुगरही होती, तिचा इलाज अर्धवट. मास्तर वास येऊ नये म्हणून हाताआडून बोलत होते.

"मॅडम, मांगचे काढा, बाजूचे काढा. हे समोरचे दोन ठेवा फक्त."

"हेच दोन का?" मॅडमनी विचारलं.

"माहा बाजा याच्यावरच टेकते."

मग त्यांनी तर्जनी आडवी करून दाखवलं. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा, त्यावर बाजाची सूर काढणारी वेताची पट्टी, आणि वरचे दोन दात बाजाच्या तोंडावर वरून टेकवायचे. दात पक्के तर सूर पक्का. गेल्या काही महिन्यांत सूर हलायला लागला होता. लोकांना कळत नव्हतं, त्यांना कळत होतं.

मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सगळं सांगितलं. हाड बरंच झिजलंय. दात काढून बसवता येतील, पण बसवलेल्या दातांवर क्लॅरिनेट नीट वाजेल असं नाही. दुसरा मार्ग म्हणजे आधी शुगर ताब्यात आणायची, मग लेसर, मग हलणारे दात मागून बारीक तारेनं एकमेकांना बांधायचे आणि महिनोन्‌महिने थांबायचं. "दात वाचतील असं मला वाटतं. वचन देत नाही. सूज उतरली की हिरडी वर सरकेल, दात लांब दिसतील, मध्ये फटी पडतील. आणि या काळात बाजा तोंडाला लावायचा नाही. अजिबात नाही."

"लग्नाचं शिजन तोंडावर हाय," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे."

शमीमभाभी पुढे झाल्या. "लावा मॅडम तुमची लाईट. शिजन जाईन, पुन्हा येईन. दात काय पुन्हा येते का?"

मास्तरांनी होकार दिला. शुगर खाली आणायलाच बरेच दिवस गेले. मग दोन भेटींत दोन्ही बाजूंचा लेसर झाला, तार बांधली. मी त्यांना समोर बसवून माझी यादी ऐकवली. ते वर्गातल्या हुशार मुलासारखे ऐकत होते, आणि शेवटी प्रत्येक गोष्ट मला परत म्हणून दाखवली. खर्रा त्यांनी कधी खाल्लाच नव्हता. "बाजाच्या तोंडात वास जाते," म्हणाले.

मी रोज फोन करायची. सुरुवातीला फोन भाभीच उचलायच्या.

"कसं आहे आज?"

"बोलून नाई राह्यले. मी विचारलं दुखते का, तं मान हालवते. आता फोनवर तुमाले मान कशी दाखवू, ताई?"

मग हळूच सांगायच्या, स्वयंपाकघरातलं बेलणं घेऊन बसतात, त्याच्यावर बोटं चालवतात. पोळ्या लाटायच्या वेळेला मागावं लागतं.

एकदा भल्या सकाळी भाभींचाच फोन आला. "ताई, खून बंदच नाई होऊन राह्यलं. बेसिन लाल झालं."

मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता. विचारलं, "काही कडक खाल्लं का?" नाही. "बाजा लावला?" नाही, कसम. "मग उठल्यापासून काय काय केलं ते सांगा." उठले, वजू केली, नमाज पढले, आणि रक्त दिसलं.

वजू म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. नमाजच्या आधी हातपाय धुतात तसं तोंडही चांगलं खळखळून धुतात. मास्तरांनी चूळ भरायची नाही हे मनावर घेतलं होतं, पण वजू त्यांच्या हिशेबी चूळ नव्हतीच. ती नमाज होती. मी भाभींना सांगितलं, स्वच्छ कपड्याची घडी थंड पाण्यात भिजवा, पिळा, जागेवर दाबून धरायला सांगा, मधेमधे उचलून पाहू नका, थुंकू नका, बसवून ठेवा, आडवं करू नका. त्याच सकाळच्या एसटीनं ते आले. मॅडमनी पाहिलं, एका जागची रक्ताची गुठळी निघाली होती. तेवढ्यापुरतं पुन्हा करावं लागलं.

मास्तरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चोरी पकडली गेल्यासारखा. "मीनं तं काईच नाई केलं, ताई." मी म्हटलं, "नाहीच केलं तुम्ही. पाणी घ्या, पण हळू घ्या आणि सोडून द्या." त्यांनी मशिदीत जाऊन मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, जखमी माणसाला हळू घेतलं तरी चालतं. ते त्यांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं. इलाजानंतर फोनवर ते स्वतः पहिल्यांदा बोलले ते त्या दिवशी.

लग्नं सुरू झाली. बँड दुसऱ्या वाजवणाऱ्याला घेऊन जायला लागला. दारव्ह्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्यानं हट्टच धरला की अजीज मास्तर आले पाहिजेत. ते गेले. कोट घातला, पुढे उभे राहिले, नुसत्या हातानं ताल देत राहिले. लोक म्हणाले, "मास्तर, एक तरी." त्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं. कुणीतरी मागून बोललं, "म्हातारा गळपटला." हे भाभींनी मला सांगितलं. मास्तरांनी सांगितलं ते एवढंच, की तिथं बिर्याणी होती आणि त्यांनी नुसतं दही-भात खाल्ला.

मी एवढी वर्षं हे काम केलं, पण असा पेशंट पाहिला नाही. तब्येत सांभाळणं काय असतं ते त्यांच्याकडून शिकावं. शुगर वेळेवर तपासली. बारीक ब्रशनं दातांच्या मधे साफ करायला मी शिकवलं तर पुढच्या भेटीला त्यांचा हात माझ्याहून हलका चालत होता. वाजवणाऱ्याची बोटं ती. हिरड्या जांभळ्याच्या लाल झाल्या, लालच्या गुलाबी. पू गेला. वास गेला. रुमाल गेला. कित्येक महिन्यांनी मॅडमनी मापाची सळई खिशात घालून पाहिली आणि मला म्हणाल्या, "सुनंदाताई, बघा. इथं भरलंय." एक्स-रेत हाडाची कड पुसट का होईना उजळ दिसत होती. मॅडम सहसा खूश व्हायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला.

"आता लावू का?" मास्तरांनी विचारलं.

"थोडा थोडा लावा. दुखलं तर लगेच थांबा."

ते तयारीनंच आले होते. पिशवीतून त्यांनी खोका काढला, मखमलीतून बाजाचे तुकडे काढून जोडले, पट्टी ओठांनी ओली केली. दवाखाना दुपारचा रिकामा होता. भाभी दाराजवळ उभ्या होत्या, मॅडम खिडकीशी. मास्तरांनी डोळे मिटले आणि फुंकलं.

आधी नुसतीच हवा आली. सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी. त्यांनी ओठ घट्ट केले. सूर निघाला, आणि सुराच्या आतून बारीक शिट्टी. दोन दातांच्या मधे हिरडी वर सरकून जी फट पडली होती, तिच्यातून वारा निसटत होता. त्यांनी बाजा थोडा डावीकडे घेतला. मग खाली. मग पुन्हा वर. एका ठिकाणी सूर आला तसा ते थोडं वाजवत गेले, आणि एकदम बाजा काढून वरच्या ओठावर हात दाबला.

"दुखलं?" मी विचारलं.

"दुखलं नाई. झिणझिणलं. मुळापासून."

मुळं उघडी पडली की असं होतं. गार पाण्यानं होतं, वाऱ्यानं होतं. बाजाच्या थरथरीनंही होईल हे मी कुठं पाहिलं नव्हतं. मॅडमनी हात टेकले नाहीत. मुळांना लेप दिला. फटी झाकायला हिरडीच्या रंगाची मऊ, काढता-घालता येणारी पट्टी बनवून घेतली. नागपूरच्या आपल्या शिक्षकांना फोटो पाठवून विचारलं. बाजाच्या तोंडाला वरून लावायचं पातळ रबर मिळतं ते मागवलं. मास्तर प्रत्येक वेळी घेऊन जायचे, आणि परत यायचे.

"शिट्टी गेली," एकदा म्हणाले.

"मग?"

"वाजते. पन मले माहाच बाजा दुसऱ्याचा वाटून राह्यला. समोरच्या दोन दातांतून पहिले मले कळे, कोनता सूर कुठं हाय. डोक्यात येत जाय. आता मधात कायतरी हाय. रबर हाय, पट्टी हाय, तार हाय. हातमोजे घालून कोनाले हात लावावा तसं."

त्यांनी वर्षभर प्रयत्न केला. एका वरातीत उतरलेही. चौकापर्यंत वाजवलं आणि बाजा दुसऱ्याच्या हातात दिला. त्यानंतर बँड त्या दुसऱ्यानंच चालवला. मास्तर घरी आले, खोका कपाटावर ठेवला. भाभी म्हणाल्या, पोळ्या लाटायच्या वेळेला आता बेलणं मागावं लागत नाही.

तपासणीला ते चुकले नाहीत. दर तीन महिन्यांनी दिग्रसची गाडी, भाभी सोबत. मॅडमनी त्यांची परवानगी घेऊन आधीचे आणि नंतरचे फोटो नव्या पेशंटना दाखवायला ठेवले होते. चेहरा नाही, नुसतं तोंड. आधीचा फोटो पाहून लोक तोंड फिरवायचे आणि नंतरचा पाहून म्हणायचे, "आम्हाले अस्संच करून द्या."

एकदा मास्तर आत खुर्चीत होते आणि भाभी माझ्याजवळ बसल्या होत्या. समोरच ते फोटो. भाभी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, एक बोलू? गुस्सा नका करू."

"बोला ना."

"दात पडले असते न, तं बरं झालं असतं. एकदमच गेले असते. रडून मोकळे झालो असतो. लोक म्हणले असते, बिचाऱ्याचे दात गेले. आता सारे दात हायेत. लोक विचारते, मास्तर, तोंड तं चांगलं झालं, मंग काहून नाई वाजवत? काय सांगन मानूस?"

मॅडमनी काही चुकवलं नव्हतं. मास्तरांनी तर नाहीच. दात काढले असते तर बाजा त्याच दिवशी गेला असता, हे मला माहीत होतं आणि भाभींनाही. पण पुस्तकात बरं होणं म्हणजे खिसा किती भरला, रक्त येतं का, दात हलतो का, एवढंच असतं. मीही लोकांना तेवढंच सांगत आले होते. ऐकलंत तर बरे व्हाल. हे खोटं नव्हतं. आणि हा माणूस बरा होऊन आत खुर्चीत पडला होता.

त्यानंतर मला ती यादी म्हणताना त्रास व्हायला लागला. म्हणायची मी, सगळी म्हणायची. पण आधी विचारायला लागले, "तुम्ही काम काय करता?" एक कंडक्टर होते, शिट्टीवाले. एक बाई होत्या, रात्रंदिवस भजनं म्हणणाऱ्या. मी त्यांना मॅडमकडे परत आत पाठवायची, की हे आधी बोलून घ्या, मग सुरू करा. मॅडम तसंच करायच्या. कधी कधी पेशंट विचार करून येतो म्हणून जायचा आणि यायचाच नाही. त्यांचं पुढं काय झालं कोण जाणे.

काम सोडायच्या थोडं आधी मास्तरांची तपासणी माझ्या हातून झाली, ती शेवटची. भाभींना ताप होता, ते एकटेच आले होते. बाहेर एक नवा पेशंट बसला होता, घाबरलेला. दिग्रसचाच निघाला. त्यानं मास्तरांना ओळखलं नाही. विचारलं, "काका, तुमचं बी लेसर झालं काय? फायदा झाला?"

मास्तरांनी बोटानं वरचा ओठ उचलून दाखवला. "पाह्य. एक बी नाई पडला. ताई सांगते तसं कर."

तो माणूस हिंमत धरून मॅडमकडे आत गेला. मी मास्तरांना विचारलं, "सध्या काय चालू आहे?"

"जिनिंगमध्ये लागलो. गेटवर."

"तिथं आवाज फार असेल."

"हो न. कापसाची मशीन सुरू असली की शेजारच्याचं बी आयकू येत नाई." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तेच बरं हाय, ताई. मशीन बंद होते न जेवायच्या सुट्टीत, तवा लय तरास होते."

मी त्यांना खुर्चीत घेतलं, दिवा तोंडावर ओढला. हिरड्या गुलाबी, घट्ट, दातांना बिलगलेल्या. कुठं रक्त नाही, कुठं कीटण नाही. साफ करण्यासारखं काही नव्हतंच, तरी मी हळूहळू, सगळ्या दातांवरून हात फिरवला.

"मास्तर, हिरड्या एकदम छान आहेत."

त्यांनी पाणी तोंडात घेतलं, मान कलवली आणि आवाज न करता सोडून दिलं.

"हो," म्हणाले, आणि उठून टोपी घातली.